कानांनी आलेले शब्द, डोळ्यांनी आलेले शब्द

येवल्यात रेशमाच्या धाग्याची गोष्ट निघाली की 'डेनिअर' हा शब्द येतोच. धागा किती बारीक, हे सांगणारे ते माप आहे. 9,000 मीटर धागा जितके ग्रॅम भरेल, तितके त्याचे डेनिअर. म्हणजे 20-22 डेनिअरचे रेशीम घेतले, तर नऊ किलोमीटर धाग्याचे वजन वीस-बावीस ग्रॅमच्या आत-बाहेर. मागावर बसणारा माणूस चौथीत शाळा सोडलेला असो की बारावी झालेला, हा शब्द तो बरोबर उच्चारतो. आता हाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, कापडाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या पदवीधरापुढे ठेवा: डी, ई, एन, आय, ई, आर. तो 'डिनायर' असे वाचण्याचा संभव मोठा आहे, आणि त्याचे वाचन निराधारही नाही. 'डिनाय' म्हणजे नाकारणे. 'नाकारणारा' या अर्थाचा इंग्रजी शब्द नेमक्या याच सहा अक्षरांनी लिहितात. मापाचे नाव मात्र एका जुन्या फ्रेंच नाण्यावरून आलेले आहे. लेखन एक, शब्द दोन, उच्चारही दोन. सुटा शब्द कितीही वेळ न्याहाळला, तरी यातला कोणता कुठला हे कागद सांगत नाही.

विणकराला ते कळते, कारण त्याला तो शब्द कागदावर भेटलेलाच नसतो. रेशमाच्या व्यापाऱ्याकडून, वडिलांकडून, शेजारच्या मागावरून तो त्याच्या कानावर पडलेला असतो. पदवीधराला तो भेटलाच तर छापील भेटतो. अनोळखी इंग्रजी शब्दांच्या उच्चाराचा आपल्याकडे केवढा बाऊ होतो! त्यावरून माणसांची पारख होते, मुलाखतीत गुण कापले जातात, वर्गात हशा पिकतो. या सगळ्याच्या मुळाशी एवढाच फरक आहे, असे माझे म्हणणे आहे. शब्द कानांनी आला की डोळ्यांनी, यावर त्याचा उच्चार ठरतो. बुद्धी, घराणे, संस्कार यांचा त्याच्याशी काही संबंध पोचत नाही.

मराठीने इंग्रजी शब्द घ्यायला सुरुवात केली ती कानांनी. बाटली, डझन, तिकीट, रंगरूट, लाटसाहेब हे शब्द घेताना कोणी त्यांचे स्पेलिंग विचारले नाही. ऐकले, जिभेला बसतील तसे बसवले आणि वापरायला घेतले. अशाच शब्दांतला 'कर्नल' फार बोलका आहे. इंग्रजी लेखनात त्याच्या मध्ये 'आर' हे अक्षर कुठेच नाही. आहेत ते दोन 'एल'. अक्षरांवर विसंबले तर 'कोलोनेल' असेच वाचावे लागेल, आणि इंग्लंडमधली मुलेसुद्धा तिथे अडखळतात. पण मुलगा लष्करात असलेली कोणतीही मराठी आई 'कर्नलसाहेब' म्हणते आणि तिचे चुकत नाही. तिला स्पेलिंग ठाऊक नाही, हाच तिचा फायदा ठरतो.

पुढे शाळा वाढल्या, छापील पुस्तके वाढली आणि शब्दांची वाट बदलली. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी इंग्रजी वाचली भरपूर. ऐकायला त्यांना फारशी मिळाली नाही. 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली, तरी येवला तालुक्यातल्या नगरसूल, अंदरसूल किंवा राजापूरच्या मुलाभोवतीची हवा इंग्रजीची झाली नाही. नेहमीचे शब्द आता दूरदर्शनवरून, फोनवरून कानावर येतात. विरळा शब्द मात्र अजूनही फक्त डोळ्यांनी येतो. तो घरात, बसमध्ये, बाजारात कोणी उच्चारत नाही. मूल तो एकट्याने, पुस्तकात, पहिल्यांदा पाहते आणि अक्षरांवर भरवसा ठेवून स्वतःशी वाचते. म्हणून अवघड शब्दाचा चुकीचा उच्चार ऐकला की मला आधी जाणवते ते हे, की या मुलाने आपल्या भोवतालात नसलेले काहीतरी वाचले आहे.

अक्षरांवर भरवसा ठेवणे ही देवनागरीत शिकलेल्या मुलाची सवय आहे, आणि ती वाईट म्हणता येणार नाही. 'क'ला काना दिला की 'का', मग तो कोणत्याही शब्दात येवो. इंग्रजीत हा भरवसा टिकत नाही. बोलण्यातले स्वर वीसच्या आसपास, ते लिहायला स्वराक्षरे पाच. शिवाय लेखन आणि बोलणे यांची फार पूर्वीच फारकत झालेली आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि त्यानंतर शब्दांचे लेखन हळूहळू गोठत गेले. त्याच शतकांत इंग्रजी माणसाच्या तोंडातले दीर्घ स्वर मात्र जागा सोडून सरकत होते. तोंड पुढे गेले, कागद मागे राहिला. त्यात पंडितांनी भर घातली. कर्ज या अर्थाचा 'डेट' पूर्वी 'बी'शिवाय लिहीत. लॅटिन मुळाशी नाते दाखवण्याच्या हौसेने त्यात 'बी' घुसवला गेला, आणि तो कधीच कोणी उच्चारला नाही. आमची मुले पाठ करतात ती 'सायलेंट' अक्षरे बरीचशी अशा अपघातांची आणि हौसेची बाकी आहे. त्यांना शहाणपणाची कसोटी मानायचे काही कारण नाही.

मराठीतही सगळे कागदावर असते असे कोणी समजू नये. 'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर तेच, पण पहिल्या शब्दातला 'च' टाळूपाशी उमटतो आणि दुसऱ्यातला दातांपाशी. हा फरक कोणत्या बाराखडीने आपल्याला शिकवला? कोणत्याच नाही. बैलांपुढे चारा टाकणाऱ्याच्या तोंडून तो कानावर आला. परभाषकाला मात्र तिथे हमखास अडचण येते आणि आपण ती समजून घेतो. 1831 साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, तोसुद्धा मराठी बोलणाऱ्या शास्त्रीमंडळींना हाताशी घेऊन. साहेबालादेखील केवळ कागदावरून मराठी साधली नाही.

इंग्रजांनी आपल्या शब्दांचे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. 'मुंगूस' मराठीतून उचलला आणि 'मॉन्गूस' केला. मुंबईच्या डोंगरीच्या जाडसर कापडावरून 'डंगरी' आला. खडकीचे त्यांनी 'किरकी' केले. 1814 मध्ये येवल्यात जन्मलेले तात्या टोपे त्यांच्या कागदपत्रांत 'टांटिया टोपी' होऊन बसले. या उच्चारांबद्दल कोणा इंग्रजाला वर्गात उभे केल्याचे ऐकिवात नाही. एका भाषेतला शब्द दुसरीत गेला की तिथल्या जिभेला वळतो, हा सगळ्या जगाचा व्यवहार आहे. येवल्याच्या मागावर असलेला 'जकार्ड' घ्या. फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या जोसेफ मारी जकार्डने 1804 मध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उतरवणारी ही रचना पुढे आणली. त्याच्या गावात त्याचे नाव 'झाकार' असे काहीसे उच्चारतात. इंग्रजांनी त्याचा 'जॅकार्ड' केला, आपण 'जकार्ड' करतो. ज्याला आपण शुद्ध इंग्रजी उच्चार म्हणून मान देतो, तो मूळ फ्रेंच माणसाच्या कानाला आपल्याइतकाच परका आहे.

मग लाज फक्त आपल्याच वाट्याला का? याचे उत्तर इंग्रजीत शोधून मिळणार नाही, ते आपल्या घरात आहे. 'आणि'ला 'आनी', 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला हसण्याची रीत आपण फार आधी पक्की केलेली होती. कोणाचा 'ण' उमटतो यावरून त्याची जात, गाव आणि शाळा ओळखायची, आणि ओळखली की त्याच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करायचे. इंग्रजी आली तेव्हा तिलाही आपण त्याच कामाला जुंपले. 'स्टेशन'चा 'टेसन' झाला की बोलणारा कोण हे कळले, आता त्याचे ऐकायला नको. उच्चार हा पहाऱ्यावर बसवलेला शिपाई झाला आणि दरवाजे त्याच्या हाती गेले.

ही गोष्ट येवल्यात बोलताना अधिक जड वाटते. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. त्या घोषणेनंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर 1935 मध्ये, लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाचे बाबासाहेबांना पत्र आले. मंडळाच्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी घ्यावे अशी ती विनंती होती. भाषण छापून तयार झाले, पण त्यातला मजकूर, विशेषतः धर्म सोडण्याचा उल्लेख, मंडळाला पचेना. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण 1936 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले: 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. 1,500 प्रती दोन महिन्यांत संपल्या.

या नावातला पहिला शब्द इंग्रजीतही रोजच्या वापरातला नाही. कोशातला त्याचा उच्चार 'अनायअलेशन' असा आहे. मधला 'एच' मुका, जोर 'ले'वर. महाराष्ट्रातल्या सभांत, अभ्यासमंडळांत, वस्त्यांमधल्या वाचनालयांत तो 'ॲनिहिलेशन' असा म्हटला जातो. मीही वर तसाच लिहिला आहे, कारण मराठीत तो तसाच रूढ झाला आहे. का झाला, ते उघड आहे: हा शब्द हजारो माणसांकडे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून आला. तो उच्चारून दाखवणारा त्यांच्या घरात, गल्लीत, पुष्कळदा शाळेतही कोणी नव्हता. तरीही त्यांनी तो उचलला आणि त्याचा अर्थ गाठला. लॅटिनमध्ये 'निहिल' म्हणजे काहीच नाही, शून्य. एखादी गोष्ट शून्यावर आणायची, मागे अंशही उरू द्यायचा नाही, हा त्या शब्दाचा अर्थ. मराठीत त्यासाठी बहुधा 'निर्मूलन' वापरतात. तो चांगलाच शब्द आहे. फक्त त्यात मूळ उपटण्याची कल्पना आहे आणि इंग्रजी शब्दात शून्य करण्याची. जातीबद्दल बोलताना हा फरक ज्याने एकदा लक्षात घेतला, त्याने तो शब्द कमावला. मग तो 'हि' उच्चारतो की गाळतो, यावर त्याची परीक्षा घेणाऱ्याला मी विचारीन की आपण स्वतः ते पुस्तक वाचले आहे का.

बाबासाहेबांचाच आणखी एक शब्द आहे. 1916 च्या मे महिन्यात, कोलंबिया विद्यापीठात, पंचविशीत असताना त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. त्याचा सगळा डोलारा 'एन्डॉगमी' या शब्दावर उभा आहे. इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही हा शब्द सहसा माहीत नसतो. त्याचा अर्थ मात्र आपल्याकडे निरक्षर माणसालाही समजावून द्यावा लागत नाही. सोयरीक जातीतच करायची, मुलगी बाहेर द्यायची नाही, बाहेरची आणायची नाही, एवढाच तो अर्थ. जातीची किल्ली या एका रिवाजात आहे, हे त्या निबंधाचे सांगणे. शब्द परका असला, तरी त्यामागची वस्तू आपल्या प्रत्येक घरात, प्रत्येक लग्नपत्रिकेत आहे.

मागावरही असेच आहे. इंग्रजीत 'स्केन' नावाचा एक शब्द आहे. लिहिताना त्याच्या मध्ये 'ई' आणि 'आय' शेजारी येतात, त्यामुळे वाचणारा 'स्कीन' आणि 'स्काइन' यांच्यात घोटाळतो. त्याचा अर्थ रेशमाची किंवा सुताची लड. येवल्यातल्या विणकराच्या मुलीने लड हाताळलेली असते, रंगवून वाळताना पाहिलेली असते, ती गुंतली तर सोडवायची कशी हेही तिला येते. तिच्याकडे नाही तो फक्त एक आवाज, आणि तो क्षणभरात देता येतो. उलट ज्याच्याकडे आवाज आहे पण लड कधी पाहिलेली नाही, त्याला अर्थ द्यायला बराच वेळ लागेल. आपले शिक्षण या दोघांत हुशार म्हणून दुसऱ्यालाच निवडते. मला हे उलटे वाटते.

अर्थाकडे दुर्लक्ष करून उच्चाराच्या मागे लागण्याची किंमत रोख रुपयांतही मोजावी लागते. पैठणीच्या बाजारात 'सेमी', 'प्युअर', 'टेस्टेड' हे इंग्रजी शब्द सारखे कानावर येतात. गिऱ्हाईक ते सफाईने उच्चारते, विक्रेताही उच्चारतो. पण 'सेमी पैठणी' म्हणजे नेमके काय अर्धे, रेशीम की हाताचे काम, हे किती जण विचारतात? 'टेस्टेड' ऐकले की वाटते तपासून खात्री केलेली जर. जरीच्या धंद्यात मात्र खऱ्या चांदीच्या तारेची नसलेली, तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली जर या नावाने विकली जाते. इथे उच्चार निर्दोष आणि अर्थ हातातून निसटलेला. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे 'जीआय', मिळाले, रेशमाच्या शुद्धतेसाठी 2004 पासून 'सिल्क मार्क' आहे. या खुणांचा अर्थ ज्याला कळला, त्यालाच त्यांचा उपयोग. नुसते 'जीआय' म्हणता येऊन भागत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे गबाळेपणाचे समर्थन झाले. उच्चार नीट नको का? नीट हवाच. एम, आय, एन, यू, टी, ई ही अक्षरे 'मिनिट' असतात तेव्हा वेळ सांगतात, 'मायन्यूट' असतात तेव्हा सूक्ष्मपणा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर, तर 'फटॉग्रफी'त तो सरकून 'टॉ'वर जातो; जोर चुकला तर परदेशी माणसाला शब्दच ओळखू येत नाही. येवल्याची मुलगी उद्या पुण्यात किंवा बंगळुरूत मुलाखतीला बसेल. तिच्या उच्चारामुळे तिचे म्हणणे समोरच्याला कळले नाही, असे होऊ नये ही माझी मनापासूनची इच्छा आहे. वाद आहे तो उच्चार द्यायचा कसा यावर. हसून, अडवून, चारचौघांत दुरुस्त करून तो येत नाही. त्याने मूल तो शब्द वापरणेच सोडते. पुढे ते सोपे शब्द निवडू लागते, आणि सोप्या शब्दांत मावणारे तेवढेच विचार बोलून दाखवते. हे नुकसान चुकीच्या उच्चाराहून कितीतरी मोठे आहे.

साधने आपल्याकडे आहेत. देवनागरीने इंग्रजी ध्वनींसाठी कधीच हातपाय हलवलेले आहेत. ॲ आणि ऑ ही चिन्हे आपण वापरत होतोच. 2009 मध्ये राज्य शासनाने मराठी वर्णमाला निश्चित केली तेव्हा त्यांना तिच्यात जागा मिळाली. इंग्रजी 'व्ही'साठी आपण 'व्ह' लिहितो आणि 'डब्ल्यू'साठी 'व', म्हणून मराठी वाचकाला 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' हे दोन शब्द वेगळे दिसतात. हिंदी लेखनात ते बहुधा सारखेच दिसतात. अनेक इंग्रजी-मराठी कोशांत शब्दापुढे देवनागरीत उच्चार छापलेला असतो. उणीव आहे ती जोराची. कोणत्या अक्षरावर आघात, हे आपले कोश क्वचितच दाखवतात. ते अक्षर ठळक छापले तरी पुरे. डॅनियल जोन्सचा इंग्रजी उच्चारकोश 1917 मध्ये आला, तो इंग्रजांसाठीही. त्यांनाही आपले लेखन पुरत नव्हते, हे यातून दिसते. आता तर फोनवरचा कोश शब्द बोलून दाखवतो. डोळ्यांनी आलेला शब्द त्याच दिवशी कानांनीही येऊ शकतो, हे आमच्या पिढीला मिळाले नव्हते.

म्हणून येवल्याच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मागाच्या शब्दांचा एक छोटा उच्चारकोश तुमच्या मुलांकडून करून घ्या. ताणा, बाणा, धोटा, फणी, लड, किनार हे शब्द मुले घरून आणतील, अर्थही त्यांच्या हातातून येतील. त्यांच्यापुढे वॉर्प, वेफ्ट, शटल, रीड, स्केन, सेल्व्हेज हे इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार आणि ठळक अक्षरात जोर एवढे तुम्ही द्या. वर्गात ते सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणावेत. असे शे-दीडशे शब्द एका वर्षात सहज होतील. मग पुढच्या वर्षी त्याच वहीत 'एन्डॉगमी' आणि 'अनायअलेशन' घाला. ही मुले ते शब्द कुठल्या गावात बसून म्हणत आहेत, हेही त्यांना त्याच दिवशी सांगा.